सिस्टरचे मराठी

माझ्या पहिल्या कादंबरीत एक ख्रिस्ती परिचारिका आहे. कादंबरी फारशी कुणाच्या हाती गेली नाही, तेव्हा तिची ओळख करून देणे भाग आहे. तिचे नाव मेरी. आडनाव द्यायचे मला सुचलेच नाही. ती 'हम तुमको बोला ना' अशा थाटाचे मोडकेतोडके मराठी बोलते, नाताळात केक वाटते, तिसऱ्या प्रकरणात डॉक्टरच्या प्रेमात पडते आणि सातव्यात बदली होऊन निघून जाते. लिहिताना हे पात्र मला मोठे ठसकेदार वाटले होते.

पुस्तक निघाल्यावर वर्षभराने देऊळघाटच्या पत्त्यावर एक पत्र आले. लिहिणाऱ्या बाई खामगावकडच्या, निवृत्त परिचारिका. घराण्यात तीन पिढ्यांचा ख्रिस्ती धर्म. पत्रात राग नव्हता. एकच प्रश्न होता: 'सर, तुमची मेरी वऱ्हाडात जन्मली, वऱ्हाडात वाढली, मग तिला मराठी का येत नाही? माझी आजी जात्यावर येशूच्या ओव्या म्हणत असे.'

खरे उत्तर असे की, मेरी मी पाहिलीच नव्हती. ती मी हिंदी सिनेमातून आणि शाळेच्या मधल्या सुट्टीतल्या गप्पांतून उचलली होती. त्या गप्पांत चहाबरोबर जी विधाने होतात, ती वाचकांनाही परिचयाची असतील. हे लोक पोटासाठी बाटले. यांची सेवा म्हणजे गळाला लावलेले आमिष. यांचे अन्न इथले आणि मन परदेशात. मीही आजवर मान डोलावीत आलो. पत्र आल्यापासून मात्र या विधानांना मराठी पुस्तकांच्या फडताळापाशी नेऊन उभे करावे, असे वाटू लागले. मी पंडित नव्हे, मॅट्रिकपुढे शिकलो नाही. पण फडताळ घरचे आहे.

'पोटासाठी' हे विधान आधी घेऊ. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पदरात काय पडले? बायको दुरावली, सोयरेधायरे तुटले. लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे वेगळ्या राहिल्या आणि परत आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. त्यांचा बाप्तिस्मा पुढचा. नवऱ्याच्या मागून फरफटत गेलेला नव्हे, स्वतः विचार करून घेतलेला. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापला. साहेबाच्या छायेखालचा ख्रिस्त त्यांना नको होता. ज्याला पोटच भरायचे असते, तो मनुष्य उतारवयात पगार सोडून जात नाही.

पण टिळकांच्या बाजूने सर्वांत मोठी साक्ष आहे ती 'स्मृतिचित्रे' या पुस्तकाची, आणि गंमत म्हणजे ते पुस्तक कुणाचीही वकिली करीत नाही. १९३४ पासून त्याचे भाग निघाले. त्यात टिळक तापट आहेत, पैशाच्या बाबतीत बेफिकीर आहेत, बायकोला न सांगता धर्म बदलणारे आहेत. लक्ष्मीबाई काही झाकत नाहीत. प्रचारकाने लिहिले असते तर या माणसाचा संत केला असता. निंदकाने लिहिले असते तर ढोंगी. या बाईने त्याला नवरा म्हणून लिहिले. त्यामुळे वाचता वाचता आपण ख्रिस्ती घरात शिरलो आहोत हे आपण विसरून जातो आणि कुणाच्यातरी घरात शिरलो आहोत एवढेच उरते. त्याच घरात बालकवी ठोंबरे मुलासारखे वावरले आणि हिंदूच राहिले. गळ टाकून बसलेल्यांच्या दारी असा मासा इतका मोकळा फिरला असता का?

आणि भाषा! शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईइतके ठसठशीत, हसरे मराठी गद्य मला तरी दुसरे ठाऊक नाही. ही माझ्या मेरीची पूर्वज. तिच्या नातीच्या तोंडी मी 'हम तुमको बोला ना' घातले.

सगळेच आक्षेप खोटे आहेत, असे मी म्हणत नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात धर्माबाबत तटस्थता राखायचे ठरले होते. मुली प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांना विचारण्याचा हक्क होता, आणि त्यांनी रमाबाईंनाच विचारले. ख्रिस्ती जातकुळीला नव्हे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत लोकांना छळत राहिले. त्यावर पांघरूण कशाला घालायचे? पण त्याच गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रजाने ज्ञानोबांच्या ओवीची कास धरून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. दोन्ही गोष्टी एका प्रांतातल्या, एका धर्माच्या. आपण बोट दाखवतो ते कुणाकडे, एवढे तरी पाहावे.

हे जुने झाले म्हणावे, तर २०१९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या (आजच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हाची ओरड आठवा. 'सुबोध बायबल' मराठीत आणणारा, वसईची हिरवाई आणि पाणी वाचावे म्हणून रस्त्यावर उतरलेला हा माणूस. विरोध त्यांच्या एखाद्या पुस्तकाला असता तर मी तो आवडीने वाचला असता. समीक्षेला कोण अडवतो? विरोध झग्याला होता. जानेवारी २०२० मध्ये पाठीचे दुखणे घेऊन ते संमेलनास आले. २०२४ च्या जुलैत ते वारले. त्या ओरडीत मी नव्हतो, पण मधल्या सुट्टीत गप्प बसणाऱ्यांत होतो.

खामगावच्या बाईंना मी उत्तर लिहिले, चूक कबूल केली आणि आजीची एखादी ओवी मागितली. त्यांनी दोन पाठवल्या, आणि खाली लिहिले की, मेरीला उगाच देवता करू नका, आमच्यातही भांडखोर पुष्कळ आहेत.

जुन्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याचा संभव नाही. नव्या कादंबरीत मेरी पुन्हा आली आहे. तिला आडनाव मिळाले आहे. ती उसने घेतलेले पैसे वेळेवर परत करीत नाही, रविवारी देवळात जायला हमखास उशीर करते, आणि शेजारणीशी भांडते ती अस्सल वऱ्हाडीत.