बावन्न पात्रं मोजून झाल्यावर : लक्ष्मण देशपांडे यांची कारकीर्द अभ्यासताना

एखाद्या नटावर प्रबंध करायचं ठरवलंत की पहिल्याच प्रकरणात एक शब्द हमखास येऊन बसतो : ‘अष्टपैलू’. गौरवग्रंथात तो शोभतो, श्रद्धांजलीच्या लेखातही चालतो. प्रबंधात मात्र तोंडी परीक्षेच्या दिवशी तुम्हाला विचारलं जाईल, “अष्टपैलू म्हणजे नक्की काय? कशावरून?” आणि तिथे टाळ्यांची, प्रयोगसंख्येची आणि पुरस्कारांची यादी उत्तर म्हणून चालत नाही.

आज याच शब्दाची तपासणी एका खऱ्या उदाहरणावर करू. उदाहरण तुमच्या ओळखीचं आहे : डॉ. लक्ष्मण देशपांडे आणि त्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. ज्यांनी ते प्रत्यक्ष पाहिलं नाही त्यांच्याही घरी कधीतरी त्याची कॅसेट वाजलेली असते. ओळखीचं उदाहरण मुद्दाम घेतलंय. ज्याच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत आहे असं वाटतं, त्याच्याबद्दलच लिहिणं सगळ्यात अवघड जातं.

आधी ठळक गोष्टी

जन्म १९४३, निधन २२ फेब्रुवारी २००९. कर्मभूमी औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. एम.ए. मराठीत आणि नाट्यशास्त्रातही. पीएचडीचा विषय एकपात्री नाट्याविष्कार. पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात अध्यापन आणि विभागप्रमुखपद. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगमंचावर आलं. लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय, तिन्ही त्यांचंच. मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं वऱ्हाड लग्नासाठी लंडनला निघतं, एवढंच कथानक. सुमारे तीन तास एकच माणूस बावन्न पात्रं उभी करतो. देशात आणि परदेशात त्याचे प्रयोग झाले, गिनेस बुकात नोंद झाली.

या यादीत एक विसंगती लपलेली आहे. ज्या माणसाने एकपात्रीवर संशोधन केलं, विद्यापीठात नाटक शिकवलं, तो लोकांच्या आठवणीत फक्त एका प्रयोगापुरता उरलाय. शिक्षक जवळजवळ पुसला गेलाय, संशोधक तर पूर्णच. म्हणजे ज्याला आपण अष्टपैलू म्हणतो, त्याचा एकच पैलू आपण जपून ठेवला आहे.

आकडा काय मोजतो?

देशपांडे यांच्यावरचं कुठलंही लेखन काढा, ५२ हा आकडा पहिल्या दोन-तीन ओळींत असतो. आता संशोधक म्हणून स्वतःला विचारा : पात्र कशाला म्हणायचं? एक वाक्य बोलून जाणारा गर्दीतला माणूस आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत येत राहणारी व्यक्ती, दोघांना एकेकच गुण का? कोणी नुसतं खोकलं, नुसती हाक मारली, तर ते पात्र झालं का?

हा शब्दच्छल वाटेल, पण संशोधनात याला महत्त्व आहे. मोजायच्या आधी एकक ठरवावं लागतं. आकड्यात विक्रम दिसतो, कला दिसत नाही. बावन्न आवाज काढणारा नकलाकार गावोगाव सापडेल. मग देशपांडे वेगळे कुठे?

माझं मत असं : त्यांचं कौशल्य पात्रांत नाही, दोन पात्रांच्या मधल्या क्षणात आहे. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होताना मान किती वळते, नजर किती उंचीवर जाते, खांदा सैल पडतो की ताठ होतो, हे सगळं क्षणभरात उरकतं. आणि तरी प्रेक्षक गोंधळत नाही. मोठा माणूस खाली बघून बोलला की समोर लहान मूल उभं राहतं. म्हणजे एक पात्र नट दाखवतो आणि दुसरं प्रेक्षक स्वतः तयार करतो. वऱ्हाड निघतानाचा गलका ऐका. तिथे एकेक पात्र ओळखण्यापेक्षा आख्खं गाव एका देहात कसं मावलंय, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

‘एकपात्री’ हा शब्द जरा तपासून घ्या

आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव आहे. सुषमा देशपांडे यांचं ‘व्हय मी सावित्रीबाई’ घ्या. तिथे एक नटी आणि मुळात एक व्यक्तिरेखा. ‘वऱ्हाड’मध्ये नट एक, पात्रं अनेक. पहिल्याला एकपात्री म्हणणं शब्दशः बरोबर आहे, दुसरं खरं तर बहुपात्री, फक्त नट एकटा. त्यात पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ आली की तिसराच प्रकार समोर येतो. तिथे चाळीतली माणसं जिवंत होतात, पण त्यांना आपल्यापर्यंत आणणारा निवेदक, त्याची शैली, त्याची टिप्पणी हेच मुख्य आकर्षण राहतं. ‘वऱ्हाड’मध्येही निवेदन आहे, पण भार संवादावर आहे. माणसं एकमेकांशी भांडतात, एकमेकांचं वाक्य तोडतात.

हा प्रकार आकाशातून पडलेला नाही. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा राजाही तोच, राणीही तोच, दूतही तोच. बहुरूपी आणि तमाशातला सोंगाड्या आहेतच. एका माणसातून अनेक माणसं बघायची सवय मराठी प्रेक्षकाला फार जुनी आहे. तुमच्या प्रबंधात ‘परंपरा’ हे प्रकरण असेल तर फक्त आधीच्या एकपात्री प्रयोगांची यादी देऊ नका, प्रेक्षकाची ही तयार झालेली सवयही लिहा.

हसू कोणाकडे वळतं?

आता खरा वादाचा मुद्दा. ‘खेडवळ माणसांना हसवणुकीचा विषय केलाय’, असा आक्षेप या प्रकारच्या नाटकांवर घेता येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मराठी नाटकात बोली बोलणारा माणूस बराच काळ गडी, मोलकरीण किंवा शिपाई म्हणून यायचा. प्रमाण भाषा बोलणाऱ्यांच्या दिवाणखान्यात तो दोन मिनिटं येऊन हशा घेऊन जायचा.

‘वऱ्हाड’मध्ये हे माप उलटतं. इथे दिवाणखाना नाहीच. तीन तास मराठवाडी बोलीच रंगमंचावर राज्य करते. ती नेहमीची, आणि परकं ठरतं ते विमान, विमानतळ, लंडन. बोली बोलणाऱ्यांत शहाणे आहेत, बेरकी आहेत, भाबडे आहेत, मानापमानावरून रुसणारे आहेत. एकाच बोलीत इतक्या तऱ्हा आल्या की ‘बोली म्हणजे अडाणी’ हे समीकरण टिकत नाही. या प्रयोगाचं सगळ्यात मोठं काम मला हे वाटतं.

पण तेवढ्यावर थांबलात तर तोही गौरवच झाला. मर्यादाही सांगायला हव्यात. इतक्या वेगाने पात्रं बदलायची म्हटल्यावर प्रत्येकाला एक ठळक खूण द्यावी लागते : एखादी लकब, एखादी आवाजाची पट्टी. त्या खुणेतून पात्र पटकन ओळखू येतं, आणि तीच खूण त्याला अडकवतेही. बरीच पात्रं शेवटपर्यंत बदलत नाहीत. स्त्रीपात्रं मला जास्त करून आवाज आणि हावभावांच्या ओळखीच्या साच्यातली वाटतात, पुरुषांना मिळालेली विविधता त्यांना मिळत नाही. शिवाय तोच प्रयोग बीडच्या प्रेक्षकाला आपल्या घरातला वाटेल आणि दूरच्या शहरातल्या प्रेक्षकाला गमतीशीर गावाकडचा. हसू दोन्हीकडे येईल, पण ते एकच हसू नाही. ध्वनिमुद्रणातला हशा हाही पुरावा आहे. तो कुठल्या शब्दावर येतो, कुठे टाळ्या येतात, कुठे शांतता पडते, याची नोंद करा.

बोलीबद्दल एक सावधगिरी. शीर्षकातला ‘वऱ्हाड’ म्हणजे लग्नाची मंडळी, विदर्भातला वऱ्हाड प्रांत नव्हे. दोन्ही बोलींची गल्लत करू नका. मराठवाड्यात ‘काय करायलास?’ असं विचारतात, विदर्भात ‘काय करून राहिला?’ हा फरक तुमच्या कानाला कळत नसेल, तर नाटकातल्या भाषेवर प्रकरण लिहायची घाई नको.

कान तयार करायला फार लांब जावं लागत नाही. मी राहते त्या विचुंब्यात मूळ गावकऱ्यांची आगरी बोली आहे, आणि नवीन पनवेलला लागून वाढलेल्या इमारतींत कोकण, घाट, मराठवाडा सगळीकडची कुटुंबं आहेत. रिक्षाच्या रांगेत किंवा दुकानात अर्धा तास नुसतं ऐकलं तरी क्रियापदांची तीन-चार रूपं वहीत जमा होतात. तुमच्याही स्टेशनाबाहेर हे होईल. मात्र कोणाचं बोलणं न विचारता रेकॉर्ड करू नका. ऐका आणि फक्त रूपं टिपा.

शिक्षक कुठे सापडतो?

नट-शिक्षकाच्या कारकिर्दीवर लिहिताना सोपी वाट अशी : त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रसिद्ध नावांची यादी द्यायची. यावर भिस्त ठेवू नका. औरंगाबादेतून पुढे आलेल्या रंगकर्मींवर एकाच माणसाचा प्रभाव कसा सिद्ध करणार? तिथे नाट्यशास्त्र विभाग उभा करणारे कमलाकर सोनटक्के होते. शहरातल्या हौशी संस्था होत्या. तिथेच सुरू झालेली आणि पुढे मुंबईत आलेली चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची ‘जिगीषा’ होती. वातावरण अनेकांनी मिळून घडवलेलं असतं.

त्यापेक्षा दुसरा पुरावा शोधा. एकपात्रीबद्दल आपण गृहीत धरतो की नट गेला की प्रयोग संपला. ‘वऱ्हाड’बाबत तसं झालं नाही. देशपांडे यांच्यानंतर अभिनेते संदीप पाठक यांनी हाच प्रयोग उभा केला आणि प्रेक्षकांनी तो स्वीकारला. याचा अर्थ नीट लावा. जे फक्त एका माणसाच्या अंगात होतं ते दुसऱ्याला मिळू शकलं, म्हणजे त्यात दैवी देणगीपेक्षा रचना जास्त होती : नजरेच्या उंचीचा हिशेब, वळण्याची दिशा, पात्राची एक खूण, संवादाची लय. जे रचनेत मांडता येतं तेच शिकवता येतं. मला शिक्षक देशपांडे इथे दिसतात. वर्गात नाटक शिकवणाऱ्या आणि एकपात्रीवर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाने असा प्रयोग रचला, जो वापरून दुसरा नट उभा राहू शकतो.

‘अष्टपैलू’ची व्याख्या करायची झाली तर मी अशी करीन : एका कामात मिळवलेलं ज्ञान ज्याला दुसऱ्या कामात नेता येतं, तो. नुसती चार कामं करणारा नव्हे. आणि ही व्याख्या तपासता येते, हा तिचा फायदा.

करून बघायचं काम

प्रयोगाचं चित्रीकरण मिळवा. त्यातला दहा मिनिटांचा एकच तुकडा निवडा. पहिल्यांदा पडदा झाकून फक्त ऐका आणि पात्र बदललं की खूण करा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त बघा, पुन्हा खुणा करा. दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. जिथे खुणा जुळतात तिथे आवाज आणि देह एकत्र काम करतायत. जिथे जुळत नाहीत, तिथे तुमचं प्रकरण सुरू होतं. नंतर हाच तुकडा संदीप पाठक यांच्या प्रयोगात बघा. जमलं तर नाट्यगृहात जाऊन बघा. पनवेलकरांना तर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह जवळच आहे. कॅमेरा नटाच्या चेहऱ्यावर गेला की पाय दिसत नाहीत, आणि पायांशिवाय वळणं कळत नाही.

ग्रंथालयात शोधताना दोन्ही नावं वापरा. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झालं, १९९४ साली नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. जुने प्रबंध जुन्या नावाखाली असू शकतात. शहराच्या नावाचंही तेच.

शेवटचं आणि सगळ्यात निकडीचं. प्रयोग चित्रित झाला, वर्ग झाला नाही. देशपांडे यांनी वर्गात काय सांगितलं, एखादं दृश्य कसं बसवून घेतलं, चूक कशी दाखवली, हे जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणीत आणि वह्यांत आहे. १९८०च्या दशकात शिकलेले विद्यार्थी आता साठीच्या आसपास आहेत. प्रबंधाचा आराखडा मंजूर होईपर्यंत थांबू नका. रीतसर परवानगी घ्या आणि मुलाखती सुरू करा. ‘सर कसे होते?’ हा प्रश्न विचारलात तर ‘फार मोठे होते’ एवढंच उत्तर मिळेल. विचारा : “तुमच्या पहिल्या तालमीत त्यांनी तुम्हाला कुठे थांबवलं होतं?”