भांडण कशावरून आणि कशाचं?

कथा-कादंबरी असो वा नाटक, घरातलं भांडण लिहायला बसलो की आपण आधी खलनायक शोधतो. मालिकांतली कपटी जाऊ अशीच जन्माला येते. तिला वजा केलं की भांडण मिटतं. म्हणजे ते नात्यात नव्हतंच!

आता महेश एलकुंचवारांचं १९८५ सालचं ‘वाडा चिरेबंदी’ घ्या. विदर्भातल्या खेड्यातले धरणगावकर देशपांडे. तात्याजी गेलेत. प्रश्न साधा आहे, तेरवीचा खर्च कोणी करायचा? थोरल्या भास्करला गावात घराचं नाव राखायचंय, पण हातात पैसा नाही. मुंबईच्या सुधीरकडे तो असेल, असं सगळे धरून चालतात. तो तिकडे बेताच्या पगारात भागवतोय.

यात खोटं कोण? कोणीच नाही. म्हणूनच आपल्याला बाजू घेता येत नाही.

शिवाय बोलणं खर्चाचं असलं, तरी हिशेब दुसराच चाललाय. घर सोडून कोण गेलं, मागे राबत कोण राहिलं, प्रभाचं शिक्षण का राहिलं? हे सगळं पैशाच्या, दागिन्यांच्या बोलण्याआडून बाहेर येतं. मग रंजू ते दागिनेच घेऊन मास्तरबरोबर पळून जाते, आणि ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त होती तेच उरत नाही.

आमचं म्हणणं एवढंच, की भांडायला एखादी वस्तू द्या आणि दोन्ही बाजूंना खरं कारण द्या. शेवटी या माणसांना उद्या एकाच पंगतीला बसायचंय.