व्हर्जिनी बुडाली, आणि ती दुसरी?

मॉरिशस बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर पूद्र दोर नावाचे एक निवांत गाव आहे. नावाचा अर्थ ‘सोन्याची पूड’. सोने काही दिसले नाही; दिसल्या त्या उथळ पाण्यात नांगरलेल्या होड्या आणि गावाच्या पाठीशी पसरलेले उसाचे मळे. तिथल्या शाळेत मराठी शिकवणारे एक स्नेही मला घेऊन गेले होते. त्यांचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यावर मजुरीला आलेले.

किनाऱ्यावर ‘सँ-जेराँ’ या फ्रेंच जहाजाचे स्मारक आहे. १७४४ च्या ऑगस्टात ते समोरच्या प्रवाळाच्या खडकांवर आपटून फुटले. त्या अपघातावर बर्नार्दँ द सँ-प्येर याने १७८८ मध्ये ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही कादंबरी लिहिली. पोरवयात तिचा इंग्रजी अनुवाद वाचून मी ओक्साबोक्शी रडलो होतो. पॉलच्या डोळ्यांदेखत व्हर्जिनी बुडते. खलाशी विनवतो तरी अंगावरचे कपडे उतरवून पाण्यात उडी घेणे तिच्या शालीनतेला मान्य होत नाही.

स्मारकापाशी बसून ते पान पुन्हा काढले. या वेळी रडू आले नाही. लेखकाने ऑगस्टचा डिसेंबर केला, वादळ आणले. तो कादंबरीकाराचा हक्कच आहे. पण खऱ्या जहाजावर साखर कारखान्याची यंत्रसामग्री होती आणि आफ्रिकेतून आणलेले गुलामही होते. कादंबरीतल्या बुडत्या जहाजावर ते मला कुठे दिसले नाहीत.

लेखक निर्दय नव्हता. १७६८ मध्ये तो या बेटावर आला होता आणि पुढे प्रवासवर्णनात त्याने गुलामगिरीचा धिक्कार केला. कादंबरीतही एक पळालेली गुलाम बाई येते, अंगावर चाबकाचे वळ घेऊन. व्हर्जिनी तिला जेवू घालते आणि स्वतः मालकाकडे नेऊन क्षमा मिळवून देते. मागाहून कळते, की त्या बाईच्या पायात साखळी आणि गळ्यात लोखंडी काटेरी पट्टा पडला. माझ्या मते सगळ्या पुस्तकात याहून खरे पान नाही. भाबडी दया कुठे जाऊन पोचते, हे लेखकाने इथे नेमके पाहिले आहे. मात्र त्या बाईचे पुढे काय झाले, हे तो सांगत नाही. सारे अश्रू त्याने व्हर्जिनीसाठी राखून ठेवले.

हा दोष मी कोणत्या तोंडाने दाखवू? माझ्या एका कादंबरीत नायिकेच्या मरणावर मी चार पाने खर्ची घातली. तिच्या चिठ्ठ्या पोचवणाऱ्या मोलकरणीला एका वाक्यात घालवून दिले. वर्गातल्या एका मुलीने विचारले होते, “सर, मग ती मोलकरीण कुठे गेली?” मी हसून विषय बदलला होता.

हे मी स्नेह्यांना सांगितले. ते जरा वेळ समुद्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, १८३५ साली इथली गुलामगिरी गेली. आमची माणसे आली ती त्यांच्याच जागी, त्याच उसात.”

वाचकहो, ही कादंबरी जरूर वाचा. व्हर्जिनीसाठी रडू आले तर रडाही. पण पळालेल्या त्या बाईच्या पानावर थोडे अधिक थांबा. लेखक तिथे थांबला नाही. मीही थांबलो नव्हतो. पुढच्या कादंबरीत आधी त्या मोलकरणीचा पत्ता शोधायचा, असे मी ठरवले आहे.