पाण्याने वळणारी पट्टी

बोटभर लांबीची एक रुपेरी पट्टी ओली करून चिमट्यात धरावी, तिच्या दोन्ही अंगांना दोन-तीन व्होल्टची वीज द्यावी, की ती आवाज न करता एका बाजूला लवते. ना दातेरी चाक, ना स्प्रिंग. आयनी बहुवारिक (पॉलिमर) आणि धातू यांच्या या संमिश्राची लवण्याची ही रीत आस्वादायची, तर आपण पट्टीच्या घडणीतच शिरावे.

तिचा मूळ पापुद्रा फ्लोरोपॉलिमरचा, म्हणजे टेफ्लॉनच्या कुळातला. पाण्याला अंगाशी थारा न देणारा. मुंबईत ट्रॉम्बेच्या ‘आयसोमेड’ केंद्रामध्ये १९७४ पासून वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारे कोबाल्ट-६०चे गॅमा किरण अशा पापुद्र्यावर पडले, की त्याच्या साखळ्यांवर नव्या बंधांसाठी आतुर जागा तयार होतात. तिथे स्टायरीनच्या शाखांचे कलम होते, शाखांवर सल्फोनिक आम्लाचे गट बसतात, आणि त्या कोरड्या कुळाला पाण्याची तहान लागते. नुसत्या या शाखा पाण्यात विरघळून गेल्या असत्या. पाण्याला न जुमानणारा कणाच त्यांना सावरून धरतो. जपानमध्ये १९९२ साली ओगुरो आणि सहकाऱ्यांनी नेफिऑन या तयार आयनवाहक पडद्यावर विजेने वळण्याची किमया दाखवली. कलमाच्या वाटेत मात्र पडद्याची जाडी आणि शाखांची दाटी आपल्या हाती राहते.

आता पट्टीच्या दोन्ही अंगांना वीज पोचवणारे प्लॅटिनम पाहा. ते वरून फासलेले नाही. प्लॅटिनमचे आयन आधी पापुद्र्यात मुरतात, मग बाहेरून त्यांना धातूत बदलणारे सोडियम बोरोहायड्राइड येते, आणि दोघांची गाठ पडते तिथे, पृष्ठभागाच्या किंचित आत, धातूचे कण जन्म घेतात. म्हणून ते मऊ देहाला मुळांनी धरून राहतात. वीज येताच सल्फोनिक गटांपाशी असलेले सोडियमचे मोकळे आयन पाण्याला सोबत घेऊन ऋणाग्राकडे निघतात, ती बाजू फुगते, पट्टी धनाग्राकडे वळते. थोड्या वेळाने पाणी माघारी झिरपते आणि बाक सैलावतो. उलट, पट्टी हाताने वाकवली, तर तीच काही मिलिव्होल्टचे उत्तर देते.

विजेने हलवण्याची एक वेगळी रीतही शेजारी ठेवून पाहू. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत, तिच्या अमेरिकी भावंडांप्रमाणे, ४० किलोचे टांगलेले आरसे सोन्याच्या विद्युतअग्रांनी, काही मिलिमीटरचे अंतर राखून, हळुवार ओढले जातील. तिथे विजेचे लालित्य स्पर्श टाळण्यात, इथे रोमरोमी मिसळण्यात. या दोन्ही रीती अशा पाहिल्या की आपल्या पट्टीचे मर्म उजळते: पाण्याला परके मानणारा पदार्थ आपला कणा न सोडता पाण्याच्याच चालीने वळायला शिकला आहे.