‘कोळी’ ही संज्ञा आणि नाशिकच्या मच्छीमारांचा क्षेत्राभ्यास

डॉ. गो. स. घुर्ये यांचा महादेव कोळ्यांवरील ग्रंथ १९५७ साली मुंबईस प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांनी विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरील ग्रंथ आला. दोन्ही शीर्षकांत ‘कोळी’ हा शब्द आहे. परंतु साम्य बहुतांशी तेथेच संपते. पहिला समाज सह्याद्रीच्या डोंगरउतारावरील, नागली-वरईची शेती करणारा. दुसरा समुद्रावर उपजीविका करणारा. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूस जाणारा विद्यार्थी ‘कोळी’ म्हणताच जाळे शोधू लागतो आणि त्याची पहिली चूक तेथेच होते.

या चुकीचे मूळ जुन्या शासकीय संग्रहांत आहे. गॅझेटियरांच्या मालेने जातींची मांडणी पुष्कळशी व्यवसायावरून केली. एन्थोव्हेन यांनी १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध केलेल्या तीन खंडांत वर्णानुक्रम स्वीकारला आणि नामसादृश्य असलेले भिन्न समूह एका शीर्षाखाली शेजारी आले. कोशकाराची ही सोय समजण्याजोगी आहे. पुढील संशोधकांनी तिलाच समाजरचना मानावे, हे मात्र क्षम्य नाही.

प्रश्न केवळ वर्गीकरणाचा असता तर त्याची इतकी चर्चा करण्याचे कारण नव्हते. महादेव कोळी ही अनुसूचित जमात आहे, सोनकोळी नाहीत. १९९४ साली महादेव कोळी जमातीच्या दाखल्यासंबंधीच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली; तीत दैवते, विधी, विवाहपद्धती व अंत्यसंस्कार यांची चौकशी अंतर्भूत झाली. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने अशी आप्तभाव-कसोटी निर्णायक मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. मधल्या जवळजवळ तीन दशकांत नृवंशवर्णनपर ग्रंथातील एखादे वाक्य विद्यार्थ्याच्या प्रवेशाला आधार किंवा अडथळा होऊ शकत होते. ‘हे लोक अमुक देवाची पूजा करतात’ असे सरसकट विधान लिहिताना ते कोणत्या गावी, कोणत्या साली आणि कोणाच्या तोंडून ऐकले, हे न नोंदविणारा लेखक किती मोठी जबाबदारी टाळतो, हे यावरून ध्यानी यावे.

नाशिक जिल्ह्यात मासेमारीचाच अभ्यास करावयाचा तर जातीच्या नावाऐवजी पाण्यापासून आरंभ करणे युक्त ठरेल. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर हे त्याचे उत्तम स्थळ. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा झाला. गाळ साचून उथळ पाणथळ निर्माण झाली. १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. ज्याला अभ्यासक ‘पारंपरिक’ व्यवसायाचे क्षेत्र समजतो, ते जलाशयच मुळी पाटबंधाऱ्याचे अपत्य आहे! राज्यातील जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाते आणि मासेमारीचे ठेके सहकारी संस्थांकडे जातात. तेव्हा भोई कुटुंबाची वंशावळ जितक्या आस्थेने काढावयाची, तितक्याच आस्थेने संस्थेचे सभासदपुस्तक व बीजखरेदीच्या पावत्याही पाहिल्या पाहिजेत. सभासद कोण, आणि सभासद नसूनही रात्री जाळे टाकणारा कोण, हे कुलदैवताच्या नावावरून कळत नाही.

या दृष्टीने रेमंड फर्थ यांचा मलायातील मच्छीमारांवरील १९४६ चा ग्रंथ अधिक उपकारक आहे. जाळ्यात गुंतलेले भांडवल, उचल, पकडीची वाटणी यांतून तेथे माणसांचे परस्परसंबंध उलगडतात. सोनकोळ्यांच्या अभ्यासालाही ही दृष्टी लाभदायक ठरावी. तथापि फर्थ यांची चौकट नाशिकला जशीच्या तशी लागू पडणार नाही. त्यांच्यासमोर खुला समुद्र होता. नांदूरचे पाणी पाटबंधारे खात्याच्या आवर्तनाने चढते-उतरते, त्यावरील पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि मच्छीमाराला त्याच पाण्यात उतरावयाचे असते.