मोटारीचा यंत्रमानव : एका खेळण्याचे परीक्षण

यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या बाजारातील खेळण्यांच्या दुकानात मोटारीचा यंत्रमानव होणारे एखादे तरी खेळणे टांगलेले दिसतेच. मुले त्याला 'ट्रान्सफॉर्मर' म्हणतात. दहावीच्या वर्गात रोहित्र शिकवताना हा शब्द उच्चारला की मागच्या बाकांवर हसू का फुटते, हे ज्यांना कळले नसेल त्यांनी हे खेळणे एकदा हाताळून पाहावे.

मूळ कंपनीची खेळणी मात्र दुकानात टांगलेली नसतात. ती संग्राहक मागवतात, हजारो रुपये मोजतात आणि पुष्कळदा खोकेही न उघडता कपाटात ठेवतात. '२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळण्यांतून शिकवा असे म्हटले आहे, तर शाळेने असे एखादे घ्यावे का?' असे काही शिक्षकांनी विचारले, म्हणून हे परीक्षण. माझ्यासमोर दोन नमुने होते. एक म्हणजे १९८४ सालच्या 'प्राउल' या पोलिसी मोटारीची जुन्या घडणीनुसार पुन्हा काढलेली आवृत्ती, एका परिचितांच्या संग्रहातली. दुसरी बाजारातली नक्कल, तिच्यावर उत्पादकाचे नावच नाही.

थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. जपानच्या टाकारा कंपनीने १९८० मध्ये 'डायाक्लोन' नावाची खेळणी काढली आणि १९८२ पासून त्यात खऱ्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्या आणल्या. आत बसायला बोटाच्या पेराएवढा चालक असे, त्याच्या पायांत लोहचुंबक. १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने हीच खेळणी 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने विकायला घेतली. चालक गेला, यंत्रच जिवंत पात्र झाले आणि त्याच्याभोवती चांगल्या-वाईट यंत्रमानवांच्या लढाईची कथा रचली गेली. म्हणजे यंत्र आधी आणि कथा नंतर. चित्रपट पाहिलेल्या मुलांना हा क्रम उलटा वाटतो. परीक्षण मी यंत्राचे करणार आहे. कथेला फारसे मोल आहे असे मला वाटत नाही.

प्राउल ही निसान कंपनीच्या फेअरलेडी मोटारीची प्रतिकृती. रूपांतर करताना मोटारीचे बॉनेट यंत्रमानवाची छाती होते, दिवे छातीवरच राहतात. दारे खांद्यांमागे पंखांसारखी उभी राहतात. मागचा भाग ओढून लांबवला की पाय तयार होतात. यातले सौंदर्य असे की एकच तुकडा दोन ठिकाणी दोन कामे करतो आणि दोन्ही वेळी आपली ओळख लपवत नाही. छातीकडे पाहून मूल सांगू शकते की 'हे बॉनेट होते.' खेळणे स्वतःच आपले स्पष्टीकरण देते.

एके ठिकाणी मात्र रचनाकारांनी पळवाट काढली. यंत्रमानवाच्या मुठी मोटारीत मावत नाहीत, म्हणून त्या सुट्या दिल्या आहेत. रूपांतर झाले की त्या मनगटात खोचायच्या. सुटी मूठ म्हणजे गणित सुटले नाही म्हणून बाहेरून आणलेली संख्या! शिवाय ती दोन दिवसांत घराच्या केरात जाते. पुढे संग्राहकांसाठी काढलेल्या 'मास्टरपीस' मालिकेत २०१३ साली प्राउल पुन्हा घडवला गेला, तेव्हा मुठी हाताच्या आतच दुमडून बसवल्या. मला ही सुधारणा रंगरंगोटीपेक्षा मोलाची वाटते.

याच्या उलट २००७ पासूनच्या चित्रपटांवरून निघालेल्या काही खेळण्यांत चक्क खोटी छाती असते. खरे बॉनेट पाठीमागे लपवायचे आणि समोर बॉनेटसारखी दिसणारी वेगळी पट्टी लावायची. दिसते झकास, पण मुलाच्या हाती चुकीची माहिती पडते. प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तरावरून निरीक्षणे भरणारे विद्यार्थी आपल्याला ठाऊक आहेतच. ही छाती त्याच जातीची.

आता सांध्यांकडे वळू. अरविंद गुप्ता यांनी देशभर पोचवलेला प्रयोग अनेकांनी केला असेल : काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या करायच्या. त्रिकोण दाबून बदलत नाही. चौकोन कलतो, त्याला हालचालीची एक मोकळीक असते. पंचकोनाला दोन. टेबलावर सपाट ठेवलेल्या बंद आकृतीसाठी नियम सोपा आहे : भुजांच्या संख्येतून ३ वजा करा. आता हीच दृष्टी खेळण्याला लावा. मोटारीच्या अवस्थेत सर्व तुकडे खुंटी-खाचेने एकमेकांत अडकतात, साखळ्या बंद होतात आणि मोकळीक जवळजवळ शून्यावर येते. म्हणून मोटार घट्ट असते, जमिनीवरून दामटली तरी सुटत नाही. यंत्रमानवाचे हातपाय मात्र उघड्या साखळ्या आहेत. टोकाला त्यांना धरणारे कोणी नाही. प्रत्येक सांध्याला स्वतःच्या घर्षणावर पुढचे सारे वजन तोलावे लागते. जुन्या खेळण्यात मोटार ठणठणीत, पण यंत्रमानव मात्र हात टाकून उभा, असे दिसते त्याचे मुख्य कारण हेच.

मोठ्या आकारात ही अडचण आणखी वाढते. समजा, आडव्या धरलेल्या हाताचे वजन १० ग्रॅम आहे आणि ते खांद्यापासून ३ सेंटिमीटरवर एकवटले आहे. खांद्यावरचा फिरवणारा जोर ३० ग्रॅम-सेंटिमीटर झाला. खेळणे सर्व बाजूंनी दुप्पट करा. वजन ८ पट म्हणजे ८० ग्रॅम, अंतर ६ सेंटिमीटर, जोर ४८०. म्हणजे १६ पट. सांध्याचे काय? दाब तोच धरला तर घासणारे क्षेत्रफळ ४ पट, त्रिज्या २ पट, म्हणून धरून ठेवण्याची ताकद फक्त ८ पट. दुप्पट खेळण्याचा सांधा तुलनेने निम्माच बळकट राहिला! गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात मोठ्या प्राण्यांची हाडे प्रमाणाबाहेर जाड का असावी लागतात, हे सांगितले, तोच हा विचार. म्हणूनच मोठ्या यंत्रमानवांच्या खांद्यांत नुसत्या घर्षणाऐवजी दातेरी चकती आणि स्प्रिंग असते. फिरवताना येणारा कटकट आवाज सायकलच्या फ्रीव्हीलचा सख्खा भाऊ आहे. आठवीच्या वर्गाला हे उदाहरण अवश्य करून द्यावे.

मालाबद्दल थोडे. कवच बहुधा एबीएस प्लॅस्टिकचे असते, पारदर्शक काचा वेगळ्या प्लॅस्टिकच्या, आणि जुन्या मोटारींत काही भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असत. त्यांचे थंड वजन हाताला फार सुखावते. एबीएस सुमारे १०० अंशांच्या आसपास मऊ पडते. त्यामुळे यवतमाळचा मे महिना, पारा ४४ वर गेला तरी, ते वितळवणार नाही. पण ताणाखाली अडकवून ठेवलेली खुंटी उष्णतेत हळूहळू वाकते, आणि उन्हात ठेवलेला पांढरा भाग पिवळा पडतो. काचेच्या कपाटात खिडकीसमोर मांडलेला पांढरा प्राउल हा प्रकाशाने प्लॅस्टिकवर चालवलेला दीर्घकालीन प्रयोगच समजावा. काही जुन्या यंत्रमानवांचे सोनेरी भाग तर न हाताळताच ठिसूळ होऊन चुरतात. चकाकीसाठी मिसळलेल्या कणांमुळे प्लॅस्टिकची सलगता बिघडते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

तेव्हा संग्राह्य वस्तू म्हणून याची किंमत ज्या गोष्टीवर ठरते ती, म्हणजे न उघडलेले खोके, शिक्षकाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. न फिरवलेला सांधा काहीच शिकवत नाही. मूळ खेळणे रचनेत उत्तम आहे, हे मी निःसंकोच म्हणेन. पण जिल्हा परिषदेच्या शाळेने त्यावर अनुदान खर्चू नये. मोडेल या भीतीने ते मुख्याध्यापकांच्या कपाटात जाईल आणि तिथेच राहील.

मग नक्कल घ्यावी का? तिचे साचे ढिले आहेत, दारे नीट मिटत नाहीत, एका खांद्याची खुंटी तिसऱ्याच दिवशी तुटली. त्याहून गंभीर म्हणजे तिच्यावर आयएसआय चिन्ह नव्हते. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर हे चिन्ह सक्तीचे आहे, आणि त्यामागे धारदार कडा, गिळता येतील असे तुकडे, अपायकारक रसायने यांच्या चाचण्या असतात. बिनचिन्हाचे खेळणे लहान मुलांच्या हाती देऊ नये. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मुले जो चाकांचा लाकडी बैल मिरवतात, त्याचा आस मोडला तर गावचा सुतार दुसरा बसवून देतो. ही सोय या नकलेत नाही.

आयएसआय चिन्हाचे, साध्या रचनेचे एखादे रूपांतरी खेळणे मिळाले तर ते आठवी-नववीच्या वर्गात उघडण्यासाठी घ्यावे. आधी विद्यार्थ्यांना रूपांतराच्या पायऱ्या न पाहता कागदावर लिहू द्याव्या : बॉनेट कुठे जाईल, चाके कुठे जातील. मग रूपांतर करून ताडा पाहावा. सांधे मोजावेत, कोणता एकाच प्रतलात फिरतो आणि कोणता गोळीसारखा सर्व बाजूंनी, हे नोंदवावे. त्यानंतरच पेचकस घ्यावा. सुटे भाग काढण्याच्या क्रमाने पांढऱ्या कागदावर क्रमांक घालून मांडावेत आणि छातीचा स्क्रू सर्वांत शेवटी, झाकण बोटाने दाबून धरून काढावा. आत स्प्रिंग असली तर ती उडते आणि मग सगळा वर्ग बाकांखाली.