२० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून कृष्णविवर ‘दिसतं’ का?

मागे एकदा घरी, म्हणजे चिंचोळी एमआयडीसीला, आलो होतो तेव्हा धाकट्या भावानं एक जुनी बातमी दाखवली : ‘आता साध्या दुर्बिणीतूनही कृष्णविवर दिसणार!’ ‘दादा, मग तुम्हाला एवढ्या मोठ्या दुर्बिणी कशाला लागतात?’ असं त्यानं वर विचारलं. बातमी ज्या पेपरवर आधारली होती, तो मारिको किमुरा आणि सहकाऱ्यांचा, ‘नेचर’मध्ये जानेवारी २०१६ मध्ये आलेला. तो परत नीट वाचला. आजची पोस्ट त्याबद्दल.

आधी बातमीचं. दिसतं ते कृष्णविवर नाही. व्ही४०४ सिग्नी या जोडीत सूर्याच्या साधारण ९ पट वस्तुमानाचं कृष्णविवर आणि एक तारा ६.५ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. ताऱ्याचा वायू तबकडीसारखा फिरत आत पडतो. एरवी ही जोडी शांत असते. १९८९ नंतर थेट जून २०१५ मध्ये ती पेटली. आतून निघालेले क्ष-किरण तबकडीचा बाहेरचा भाग तापवतात आणि तो दृश्य प्रकाशात चमकतो. आपण पाहतो ती ही चमक.

आता पेपरचं बळ. २६ ठिकाणच्या ३५ दुर्बिणींनी मिळून ही जोडी पाहिली. एकीकडे उजाडलं की दुसरीकडे रात्र. त्यामुळे काही मिनिटांपासून अडीच तासांपर्यंतचे, पुन्हापुन्हा येणारे चढउतार सापडले. असेच चढउतार जीआरएस १९१५+१०५ मध्ये क्ष-किरणांत माहीत होते. आयआरएस-पी३ उपग्रहावर मुंबईच्या टीआयएफआरनं इस्रोबरोबर बसवलेल्या उपकरणांनीही ते १९९७ मध्ये टिपले होते. पण मधल्या धुळीमुळे त्या जोडीचा दृश्य प्रकाश आपल्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. म्हणून व्ही४०४ महत्त्वाची.

माझा आक्षेप निष्कर्षावर आहे. लेखक म्हणतात, वायू किती वेगानं पडतो हे निर्णायक नाही. कक्षाकाळ लांब असला की तबकडी मोठी होते, पुरवठा सलग राहत नाही आणि त्यातून चढउतार होतात. कल्पना छान आहे. पण आधार फक्त दोन जोड्यांचा : एक ६.५ दिवसांची, दुसरी सुमारे ३४ दिवसांची. दोन बिंदूंमधून रेषा कुठलीही जाते! शिवाय ‘वायू कमी वेगानं पडत होता’ हे दिसणाऱ्या तेजावरून काढलंय. नंतरच्या क्ष-किरण अभ्यासांत दाट वायूनं मधला भाग झाकला असल्याच्या खुणा मिळाल्या. दिवा पडद्याआड असेल तर तो मंद आहे असं कसं म्हणायचं? अतिवेगवान, सेकंदाहून कमी वेळाच्या लुकलुकाटाचा संबंध इतर गटांनी तबकडीशी नव्हे, तर बाहेर फेकल्या जाणाऱ्या झोताशी जोडलाय.

तरीही मी हा पेपर ज्युनिअर्सना आधी वाचायला देईन. स्पष्टीकरण उद्या बदलेल, मोजमापं बदलणार नाहीत. आणि ती छोट्या दुर्बिणींची आहेत.

गच्चीवरून कारखान्यांच्या दिव्यांनी उजळलेलं आकाश बघत मी वर्षानुवर्षं म्हणत आलो, ‘इथून काय होणार?’ पण भर उद्रेकात व्ही४०४ साधारण ११-१२ प्रतीपर्यंत उजळली होती. एवढा तारा, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत, कॅमेऱ्यानं उजळ आकाशातूनही मोजता येतो. जपानमध्ये उजाडतं तेव्हा आपल्याकडे अजून रात्र असते. ती रात्र मोजायला कुणीतरी हवं. भावाला उत्तर एवढंच दिलं : कृष्णविवर दिसणार नाही, पण पुढच्या उद्रेकात काम नक्की मिळेल.